कासाबाईचे साणे

देव सर्वांठायी आहे, असे म्हणताना जीभ अडखळत नाही. तो शेजाऱ्याच्या ठायी आहे, असे म्हणताना मात्र ती थोडी थांबते. शेजाऱ्याचे आपण पाहिलेले असते. त्याने केर कोणाच्या दाराकडे लोटला, पाणी कोणाच्या भिंतीकडे वळवले, आपल्या कोंबडीला खडा कोणी मारला, हे सारे डोळ्यांत साठलेले असते; आणि त्या साठ्याच्या मागे बसलेला नारायण काही केल्या दिसत नाही. सोनपेठच्या कासाबाईच्या डोळ्यांत हा साठा फार मोठा होता. तिची कथा सांगायची ती तिला हसण्यासाठी नव्हे. मायबाप हो, तिच्याइतका संशय आपल्यापैकी पुष्कळांच्या पोटी असतो. तिच्याजवळ आणखी जे होते, ते मात्र शोधावे लागते.

कासाबाई चुडाव्याकडच्या एका मेंढपाळाच्या घरची. संध्याकाळी कळप वाड्यात शिरे तेव्हा ही परकरी पोर दाराशी उभी राहून एकेका मेंढराचा कान पाही. एकदा दूरचा एक मेंढका पाहुणा म्हणून आला, बापाच्या शेजारी बसून जेवला, आणि पहाटे जाताना दोन कोकरे आपल्या कळपात मिसळून घेऊन गेला. बाप म्हणाला, जाऊ दे, त्याला नड असेल. कासा त्या दिवसानंतर कोणत्याही गोष्टीला जाऊ दे म्हणाली नाही.

लग्न होऊन ती सोनपेठला आली. नवरा येडबा कापसाच्या अडतीवर हमाली करी. तो तापाने गेला तेव्हा तिच्या ओटीत मूल नव्हते, सासर-माहेरचा आधार नव्हता. होती ती एक खोली. निंदणी, खुरपणी, कापसाची वेचणी, जे मिळेल ते काम करून ती त्या खोलीत परत येई. कामाला जाताना दाराच्या कडीत ज्वारीच्या चिपाडाचा एक तुकडा खोचून ठेवी आणि परतल्यावर तो हलला की नाही हे आधी पाही, मग पाय धुई. तेलाच्या बुधलीवर कोळशाची रेघ ओढलेली असे. शेजारच्या बायनाबाईचे बाळंतपण अडले, तेव्हा रात्रभर तिचे पोट चोळत बसली ती हीच कासाबाई, आणि ते तेल तिच्याच बुधलीतले होते. पण उजाडल्यावर घरी येऊन तिने रेघ किती खाली गेली ते पाहिले, हेही खरेच. दया आणि पाळत ही दोन्ही तिच्या घरी एकाच चुलीपाशी बसत.

आता ती खोली कशी होती, ते सांगितले पाहिजे. कारण सगळी कथा त्या खोलीच्या डोक्यावर घडली. अडतदार व्यंकटरावांनी आपल्या हमालांसाठी आणि हातावर पोट असलेल्या इतरांसाठी खोल्यांची एक ओळ बांधली होती. पाठीला पाठ लावून काही खोल्या रस्त्याकडे, काही परसाकडे. भिंती दोन घरांत मिळून एक, आणि माळवद सगळ्यांत मिळून एकच. माळवद म्हणजे आपल्याकडचे मातीचे सपाट छत: खाली सागाची तुळई, तीवर आडव्या दांड्या, त्यांवर कडुलिंबाचा पाला आणि वर गावच्या जुन्या टेकाडाची पांढरी माती. व्यंकटरावांनी म्हातारपणी त्या खोल्या राहणाऱ्यांच्याच नावे करून दिल्या. देताना परसातल्या लिंबाखाली सगळ्यांना बसवून एकच अट सांगितली. खोली ज्याची त्याची. माथा मात्र सगळ्यांचा. ज्याने बाकीच्यांना न विचारता माथ्याला हात लावला, त्याच्यावर पुढच्या सगळ्या नुकसानीचा भार.

अट कडक होती आणि ओळीने ती आनंदाने पाळली. दर वैशाखात सारी घरे टेकाडावरून माती आणीत. प्रत्येक घर आपापल्या विश्वासाचे काही त्यात घाली. कासाबाई चाळलेली राख घाली, राखेने मुंग्या येत नाहीत म्हणून. घोंगड्या विणणारा रायभान आणि त्याची बायको बायनाबाई चिंचोक्याची उरलेली खळ आणि लोकरीची कातरण घालीत, त्याने माती धरून राहते म्हणून. दत्तराव बाजारात धान्याचा मापाडी; तो करडीची टरफले आणी. पाठीमागच्या खोलीतली कडूबाई बांगड्या भरणारी. ती फुटक्या काचेचा चुरा टाकी, उंदीर पोखरत नाहीत म्हणून. हे सगळे परसातल्या एकाच खड्ड्यात भिजे, एकाच खड्ड्यात तुडवले जाई. म्हातारा सटवाजी टाळ घेऊन काठावर उभा राही. त्याच्या ठेक्यावर बायाबापड्यांचे पाय पडत, पायांखाली माती आणि मुखात विठ्ठलाचे नाम. आणि त्या चिखलात राख कोणाची, काच कोणाची, खळ कोणाची, हे कोणाला सांगता येत नसे. मग ती माती वर चढवून चोपण्यांनी सपाट चोपीत. पाणी पडे ते सगळ्यांच्या माथ्यावरून सारखे वाहत पन्हाळीतून परसात जाई.

रझाकारांच्या धामधुमीचा उन्हाळा आला आणि हे थांबले. माळवदावर चार माणसे एकत्र दिसली तर रस्त्याने जाणारा काय समजेल, अशी धास्ती होती. ज्याने त्याने आपल्या घरात थोडी माती भिजवली, भरदुपारी सामसूम पाहून वर चढून आपल्यापुरती लिंपली आणि खाली उतरून दार लावले. त्याच श्रावणात सटवाजी गेला. पुढे हैदराबादेत फौजा आल्या, राज्य बदलले, भीती गेली. सुटे राहण्याची सवय मात्र गेली नाही. पुढच्या वैशाखात जो तो दुसऱ्याने बोलवावे म्हणून थांबला. कोणी बोलावले नाही.

मग पाण्याने वाट बदलली. एका पावसाळ्यात कासाबाईच्या कोपऱ्यात थेंब पडू लागले. तिने वर जाऊन पाहिले, तर रायभानाच्या आणि तिच्या हद्दीवर पाणी थबकून उभे. कोणी तरी आपली बाजू उचलली होती. कोणी? तिने एकेकाचे तोंड पाहिले. दत्तराव नमस्कार करताना नजर का चुकवतो? कडूबाईच्या हातापायाला पांढरी माती कशाची? बायनाबाई आपण होऊन भाजी का आणून देते? संशयाला एकदा पाट बसायला दिला की तो जेवायलाही मागतो.

आणि कासाबाईने करू नये ते केले. आठवडी बाजाराला आलेल्या परगावच्या सुताराला तिने घरी आणले आणि आपल्या छताला, रायभानाच्या भिंतीच्या बाजूला, साणे पाडून घेतले. साणे म्हणजे धूर जायला आणि उजेड यायला माळवदाला ठेवतात ते भोक. पाऊस आला की त्यावर वरून मातीचे फुटके परळ पालथे घालता येई. कोणाला विचारले नाही.

ओळीत कुजबुज झाली. कडूबाई आडावर म्हणाली, की धुराला वाट करून दिली म्हणे. येडबा जिता होता तेव्हा हिच्या चुलीला धूर येत नव्हता काय? दत्तरावाने अटीची आठवण करून दिली. कासाबाईने चुलीकडे बोट दाखवले, खोकून दाखवले आणि दार ओढून घेतले.

खरी गोष्ट निराळी होती. कणगीवर पाट, पाटावर पालथे उखळ ठेवून ती वर चढे आणि साण्यातून डोके काढून माळवद पाही. जे पाहायचे ते तिला दिसले. चैत्रात भर उन्हात दत्तराव दबकत आला, आपल्या कडेला, रायभानाच्या हद्दीवर, टोपले रिकामे करून चोपून गेला. चार दिवसांनी कडूबाई. मग रायभान, कारण सगळ्यांकडचे पाणी आणि वाहून आलेली माती त्याच्याच डोक्यावर येत होती; त्याने सगळ्यांहून उंच थर दिला. प्रत्येकाला वाटे, दुसऱ्याने आपल्याकडे उतार केला. आपण फक्त तो परतवतो. हे सगळे पाहून कासाबाईने काय केले? मायबाप हो, तीही राख कालवलेल्या मातीचे टोपले घेऊन शिडी चढली. हद्दीवर तिने बांध घातला, आणि तो हातभर रायभानाच्या बाजूला सरकवला. हे वर्षामागून वर्षे चालले. खाली सगळे एकमेकांना राम राम घालीत होते आणि वर एकमेकांच्या पाण्याला बांध घालीत होते.

तुळई सागाची होती. पण तीही किती सोसणार?

त्या साली हस्ताची झड लागली. माती पाणी पीत राहिली. झड उघडून ऊन पडले, बायांनी ओल्या गोधड्या दोरीवर टाकल्या, आणि त्या उन्हात रायभानाच्या खोलीचे छत बसले. रायभान मागावर होता, पाय मागाच्या खड्ड्यात. तुळई मोडून तिचे टोक खड्ड्यात त्याच्या नडगीवर आले. बायनाबाई पोरांना घेऊन बाहेर होती म्हणून वाचली. सारी ओळ धावली. दत्तरावाने नखे तुटेपर्यंत माती उपसली, कडूबाईने रायभानाचे डोके मांडीवर घेतले, कासाबाईने तुळईखाली खांदा दिला. त्या घटकेला सर्वांचे हात एकाच देहाचे असल्यासारखे चालत होते.

हाडवैद्याने पाय बांधला. रायभानाचे बिऱ्हाड देवीच्या देवळाच्या ओवरीत गेले. आणि माणूस वाचला असे कळताच ओळीला दुसरे आठवले. माग मोडला होता, घर मोडले होते, तुळई मोडली होती. हे भरून कोण देणार? सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. मोडलेल्या भागाला लागूनच ते भोक आभाळाकडे पाहत होते.

व्यंकटरावांचे चिरंजीव किशनराव आता ओळीचे वडीलधारे होते. त्यांनी येऊन पडझड पाहिली, साणेही पाहिले. घटस्थापनेच्या आधी लिंबाखाली बसून फैसला करू, म्हणाले. दत्तरावाने फैसल्याआधीच आपले मत सांगून टाकले, की अट सर्वांना ठाऊक आहे. साण्यातून पाणी मुरले, तुळईचे टोक कुजले. कासाबाईजवळ द्यायला दुसरे काही नाही. तेव्हा तिने आपली खोली रायभानाला द्यावी आणि भावाच्या मेंढवाड्यावर चुडाव्याकडे जावे.

खोली गेली म्हणजे कासाबाईचे सगळेच गेले. दोष देता येईल असे काही तिच्यात नव्हते का? होते. भोक तिने पाडले होते. तुळईला हात लागला नव्हता, एक आडवी दांडी तेवढी कापली होती, हे सुताराने तिच्यासमोर केले होते. पण परगावच्या सुताराला कुठून आणावे? आणि बाकीच्यांचे जे तिने पाहिले, ते सांगायचे तर कुठून पाहिले हेही सांगावे लागणार, आणि स्वतःचा बांधही. तिच्या शब्दावर विश्वास कोण ठेवणार? जिने आयुष्यभर कोणावर ठेवला नाही, तिला तो उसना कोण देणार?

किशनरावांनी जाताना तिला सांगितले होते, की निदान रस्त्यावर आलेला ढिगारा तरी उचला. ती फावडे घेऊन ढिगाऱ्यापाशी गेली. पहिले ढेकूळ उचलले आणि तशीच उभी राहिली. ढेकूळ एकजीव नव्हते. थरावर थर, पापुद्र्यावर पापुद्रा. एका थरात करडीची टरफले. त्याखाली हिरव्या-तांबड्या काचेचे कण. त्याखाली करड्या रंगाची राख. ती तिने ओळखली, कारण ती तिचीच होती. सटवाजीच्या काळी जी माती पायांखाली एक होत होती, ती आता ज्याची त्याच्या खुणेसकट वेगळी पडली होती.

 ती माती निवडू लागली, जशी ज्वारी निवडावी तशी. ढेकूळ फोडायचे, बोटांवर चोळायचे, उन्हात धरायचे, शंका आली तर जिभेच्या टोकाला लावायचे. ओळीतली माणसे दारातून पाहू लागली. ही काय करते? कापलेली लाकडे लपवते? पुरावा नाहीसा करते? दत्तराव तर बाज बाहेर टाकून तिच्यावर पहारा देत बसला. ज्या बाईने सगळ्यांवर पाळत ठेवली, तिच्यावर आता सगळे पाळत ठेवून होते, आणि ती मान वर न करता माती चाखत होती.

"मावशी, खायला काही न्हाई का घरात?" दत्तरावाने विचारले. बाजूचे हसले.

"हाय की," ती म्हणाली. "पर ह्या मातीला तुमची चव लागायलीय का ते बघायलेय."

त्याला ते कळले नाही.

निवडलेली माती ती ज्याच्या त्याच्या दारापुढे नेऊन टाकू लागली. टरफलांची दत्तरावापुढे, काचेची कडूबाईपुढे, राखेची आपल्यापुढे. शेवटी उरली ती खळीची आणि लोकरीची. ती थोडी नव्हती. टोपले भरून ती रायभानाच्या पडक्या दाराशी गेली, तर तिथे बायनाबाई वाकून तुकडे वेचत होती. तिच्या डोक्यावर छत नव्हते, नवरा ओवरीत कण्हत होता.

"मावशी, आमच्या मागाची फणी घावली का वो ढिगात?"

"न्हाई गं."

बायनाबाई पुन्हा वाकली. कासाबाईने टोपले खाली ठेवले नाही. ते तसेच डोक्यावर घेऊन ती आपल्या दाराशी परतली आणि राखेच्या ढिगावर तिने ते उपडे केले. मग दुसरे, मग तिसरे. ज्या हाताने कधी रेघेखालचे तेल कोणाला माफ केले नाही, त्या हाताने. तो पांडुरंग कधी कोणाच्या हातात येऊन बसेल, हे आधी सांगता येत नाही.

फैसल्याच्या दिवशी किशनराव आले. लिंबाखाली सतरंजी पडली. त्यांनी दारोदारचे ढीग पाहिले आणि विचारले, ही काय आरास केली?  उत्तर सगळ्यांच्या पायाशी पडले होते. दत्तराव आपल्या ढिगापुढे असा बसला की धोतराचा सोगा टरफलांवर पडावा. कडूबाई पदराने काच लोटत होती आणि म्हणत होती, की बांगड्या अख्ख्या गावच्या बाया फोडतात.

"कासाबाई," किशनराव म्हणाले, "छताला भोक पाडलं तवा ओळीची इजाजत घेतली व्हती का?"

"न्हाई, मालक."

"कशापायी पाडलं?"

धुराचे नाव जिभेवर तयार होते. सारी ओळ तेच ऐकायला बसली होती. कासाबाईने एकदा सगळ्यांकडे पाहिले.

"ह्यांच्यावर नजर ठेवायला."

एकच गलका झाला. दत्तराव उठून उभा राहिला. म्हणाला, ऐकले का मालक, आपल्या तोंडाने कबूल केले. आता हे ढीग पाहा. हिला दाखवायचे आहे, की सगळ्यांनी माती टाकली. घटकाभर तसे धरू. मग सगळ्यांत मोठा ढीग कोणाच्या दारात आहे? हिच्याच. हिनेच निवडला, हिनेच ठेवला. सगळ्यांत जास्त ओझे हिचे आणि वरून भोकही हिचेच. आता काय विचारायचे राहिले?

बोलणे बिनतोड होते. किशनरावांनी मान हलवली. कासाबाई आपल्या ढिगाकडे पाहत होती. तिने एक शब्द बोलायचा होता, की यातला निम्मा माझा नाही. खोली वाचवायला तो एक शब्द पुरे होता. तो तिने काढला नाही.

तेव्हा बायनाबाई उठली. ती फैसल्याला नुकसान मागायला आली होती. त्या दिवशी बोलायचा पहिला हक्क तिचा होता. ती कासाबाईच्या दाराशी गेली आणि खाली बसली. ढिगातले एक ढेकूळ तिने उचलले, दोन्ही हातांनी मोडले. आतून लोकरीचे काळे केस लोंबत होते.

"मालक, मावशीनं कदी मेंढरू भादरलं न्हाई ह्या गावात," ती म्हणाली. "ही लोकर आमची हाय. ही खळ बी आमचीच."

कासाबाई तिला दटावू लागली, की बस खाली, तुला काय कळते. बायनाबाई बसली नाही. तिने कोपऱ्यातले टोपले ओढले, त्यात ती माती भरली आणि आपल्या पडक्या दारापुढे नेऊन ओतली. मग दुसऱ्यांदा आली. ज्या बाईचे घर मोडले होते, ती आपल्या घराच्या मोडण्यातला आपला वाटा स्वतःच्या डोक्यावर वाहून नेत होती, आणि सारी ओळ पाहत होती. तिसऱ्या खेपेला टोपल्याला हात लावायला दत्तराव उठला. उठताना धोतराचा सोगा सरकला आणि टरफले उघडी पडली. त्याने ती पुन्हा झाकली नाही.

"ही मातर माझी हाय," तो खाली बघून म्हणाला.

 कडूबाईने काच लोटणे थांबवले, एवढेच.

 मग किशनरावांनी सांगितले ते असे. वडिलांची अट एका माणसाच्या अपराधासाठी होती; इथे हात सगळ्यांचेच आहेत, तेव्हा भारही सगळ्यांवर. तुळई सगळ्यांनी मिळून आणायची. रायभानाचे घर आणि माग आधी उभा करायचा, मग दुसरे काम. उरलेल्या माळवदावरची वाढीव माती ज्याची त्याने खाली आणायची, तीही दिवसाढवळ्या, सगळ्यांच्या देखत. कासाबाईची खोली कासाबाईचीच राहील. मात्र साणे न विचारता पाडले हा अपराध तिचा एकटीचा. ते तिने आपल्या खर्चाने बुजवून घ्यावे. कासाबाईने हात जोडले.

नवरात्रात देवीची ओवरी मोकळी करून द्यावी लागली. रायभानाचे बिऱ्हाड जायचे कुठे, असा प्रश्न कोणी विचारण्याआधी कासाबाईने आपल्या खोलीत बाज टाकली होती. म्हणून तिचा स्वभाव पालटला असे कोणी समजू नये. बायनाबाईने फोडणी घातली की ती बुधलीकडे एकदा पाहीच. बायनाबाईच्याही ते लक्षात येई, आणि ती हसून म्हणे, की मावशी, रेघ मी खाली ओढून ठेवलीय, तुमाला तरास नको म्हणून. कासाबाई उठून खरेच पाहून येई.

रायभानाला मागावर बसता येत नव्हते. पडल्या पडल्या तो टकळीवर लोकर कातू लागला. खोलीला खिडकी नव्हती. उजेड होता तो साण्यातला, आणि तो नेमका त्याच्या बाजेवर उतरे. सुतार येण्याचा दिवस जवळ आला, तेव्हा तो भीत भीत म्हणाला, की मावशी, पाय बरा होईपर्यंत भोक राहू द्याल का?

कासाबाई किशनरावांकडे गेली. ते म्हणाले, इजाजत माझी नाही. माथा ज्यांचा आहे त्यांना विचारा.

म्हणून ती बाई, जिने जन्मात कोणाला काही विचारले नव्हते, डोक्यावर पदर घेऊन ओळीतल्या दारांपुढे उभी राहू लागली. काहींनी लगेच होकार दिला, काहींनी चार शब्द ऐकवून दिला. दत्तरावाच्या दारात ती थोडी जास्त वेळ थांबली. तो जेवत होता. हात धुऊन बाहेर आला. तिने विचारले.

"उजेडासाठी ठेवायचं, का आमच्यावर नजर ठेवायला?" तो म्हणाला.

रायभानाचे नाव सांगितले असते तर काम झाले असते. ते खोटेही नव्हते.

"दोन्हीला," कासाबाई म्हणाली.

दत्तरावाने तिच्याकडे पाहिले. बायको आतून कान देत होती. त्याने मिशीवरचे पाणी पुसले.

"ठिवा मंग," तो म्हणाला. "पर वर डोकं काढताल तवा आवाज देत जावा. मी बी तुमच्याकडं खाली बघत जाईन."

त्यात गैर काही नव्हते. कासाबाईने कबूल केले आणि ती ओळीला वळसा घालून कडूबाईच्या दाराकडे निघाली. तिथे ते इतके सोपे जाणार नव्हते, हे तिला ठाऊक होते.